चौथ्या स्थानावरची कौसल्या

नाव रामाच्या आईचं आणि उभी राहायची येशूच्या आईच्या जागेवर, अशी आमची कौसल्या. नवीन फादर आले की एकदा तरी विचारायचे, "कौसल्याबाई, बाप्तिस्म्याचं नाव काय तुमचं?" ती म्हणायची, "हेच की. देवाला दोन-दोन नावं पाठ करायला कशाला लावायची?" चर्चच्या वहीत तिच्या नावामागं मारिया लिहिलेलं होतं. पण मारिया म्हणून कुणी हाक मारली तर ती मागं वळून बघायची, कोण आलं म्हणून.

मी बनाबाई, तिची शेजारीण. बारामतीत चर्चच्या मागच्या चाळीत आमची दोघींची दारं लागून. तिसरीत माझी शाळा सुटली, त्यामुळं लिहिणं बोलल्यासारखं होतं, ते गोड मानून घ्या. कौसल्येबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, आणि एक गोष्ट तर माझ्याशिवाय कुणाला धड माहीतही नाही.

बारामतीहून इंदापूरकडं निघालं की लासुर्ण्यापर्यंत ऊसच ऊस. त्याच्या पुढं आत वळलं की ऊस मागं राहतो आणि फॉरेस्टचा माळ लागतो. त्याला आम्ही कुसळीचा माळ म्हणतो. जंगल म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं साग-बांबू येतील. आमचं जंगल कमरेएवढं. हिवर, बोर, तरवड, मधूनच बाभूळ, आणि खाली सगळं गवत. त्या गवताची कुसळं लुगड्यात अशी घुसतात की ईस्टरपर्यंत वेचत बसावं लागतं. चिंकारं दिसतात, नशीब असलं तर लांडगाही. माळाच्या शेवटी एक टेकडी आहे. दर गुड फ्रायडेला आमची मंडळी त्या टेकडीपर्यंत क्रुसाची वाट चालतात. चौदा स्थानं, चौदा वेळा थांबायचं, येशूला मरणाची शिक्षा झाली तिथपासून कबरेत ठेवलं तिथपर्यंत.

फॉरेस्टच्या जागेत काही बांधता येत नाही, दगडाला चुनासुद्धा लावता येत नाही. म्हणून जुन्या फादरनी पूर्वीच एक युक्ती काढली. चौदा घरांना चौदा लाकडी क्रूस दिले, हातभर उंचीचे, मागं आकडा कोरलेला. वर्षभर तो क्रूस आपल्या घरी दारामागं ठेवायचा. गुड फ्रायडेला उजाडायच्या आत त्या घरातल्या माणसानं आपल्या जागेवर जाऊन तो हातात धरून उभं राहायचं. म्हणजे आमच्याकडं स्थान म्हणजे माणूसच. मोठा क्रूस घेऊन मंडळी येतात, तो माणूस आपल्या स्थानाची पहिली ओळ म्हणतो, फादर पुढची प्रार्थना सांगतात, मोठा क्रूस त्या छोट्याला लावतात, आणि मग तो माणूस सगळ्यांना पाणी देऊन मंडळींच्या मागं चालू लागतो. मोठा क्रूस लागेपर्यंत बसायचं नाही, जागा सोडायची नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. हा नेम. कुणी लिहून ठेवलेला नाही, पण कुणी मोडलेलाही नाही.

चौथं स्थान म्हणजे वाटेत येशूला त्याची आई भेटते ते. ते कौसल्येच्या सासूकडं होतं. सासू गेल्यावर कौसल्येकडं आलं, तेव्हा बायकांत कुजबूज झाली. कारण कौसल्येला लेकरू नव्हतं. श्रीगोंद्याकडून सतराव्या वर्षी नवरी होऊन आली. नवरा मोहनराव गवंडीकाम करायचा. चांगला माणूस, पण पस्तिशीत गेला. मग तिनं सिस्टरांच्या बोर्डिंगात भाकरी थापायला सुरुवात केली, ती तीस वर्षं थापली. रोजच्या सव्वाशे भाकरी. पण आपल्या पोटचं कुणी नाही, आणि ही उभी राहणार आईच्या जागेवर, असं बायकांचं म्हणणं.

कुजबुजणाऱ्यांत मी पुढं होते, खोटं कशाला बोलू. मी चार लेकरांची आई, आणि माझ्या घराकडं नववं स्थान, येशू तिसऱ्यांदा पडतो ते. मी तिला तोंडावर म्हटलं होतं, "कौसे, आपण बदलू या का?"

ती भाकरीचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी चार पोरं तुला रोज भेटत्यात. तुला कशाला पायजे भेटायचं स्थान?"

तेव्हा भेटत होती. आता दोन पुण्यात, एक नाशिकला, आणि थोरला ऋषिराज गुजरातेत. रविवारी फोन येतो, तोही नातवाचा खेळ सुरू व्हायच्या आत.

कौसल्येला वाचता येत नव्हतं, सगळी प्रार्थना तोंडपाठ. "येशू आपल्या आईला भेटतो," एवढं म्हणायची आणि थांबायची. बराच वेळ. पुस्तकात तिथं थांबायचं काही दिलेलं नाही. मागच्या माणसांचे पाय भाजायला लागायचे, फादर खोकायचे. मी एकदा विचारलं, "अगं, तिथं का गप्प बसतीस?" तर म्हणाली, "भेटू दे की जरा. लगीच काय हाकलायचं."

आता त्या वर्षाचं सांगते. त्याच्या आधीच्या नाताळात आमचं भांडण झालं होतं. भांडण म्हणजे करंज्यांवरून. नाताळचा फराळ आम्ही बायका चर्चच्या हॉलमध्ये मिळून करतो. तिथं चाळीस जणींच्या देखत कौसल्येनं माझी करंजी उचलली, कानापाशी नेली आणि हलवली.

"ऐका गं," म्हणाली, "बनाबाईचा खुळखुळा!"

सारण कमी पडलं होतं हे खरं. पण हलवून दाखवायची गरज नव्हती. सगळ्या हसल्या. फादरसुद्धा हसले. मी त्या दिवशी पदर झटकून घरी आले ती तिच्याशी बोलायची बंदच झाले. तिनं दोनदा दारात येऊन "बने" म्हणून हाक मारली, मी भांडी आपटली. एकदा वाटीतून आमटी पाठवली, मी ती वाटी तशीच तिच्या उंबऱ्यावर ठेवून आले. तीन महिने गेले. चाळीत भिंत एकच, ती खोकली तरी मला ऐकू यायचं. पण बोलायचं नाही म्हणजे नाही.

पवित्र आठवड्यात बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फादर दीपक सगळ्यांना म्हणाले की फॉरेस्टचे गार्ड मानसिंगराव येऊन गेले. ओढ्याच्या अंगाला लांडगीनं पिल्लं घातलीत, तेव्हा ओढ्याजवळून जाणारी जुनी वाट या वर्षी बंद. मंडळींनी वरच्या बाजूच्या जाळपट्ट्यानं, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेल्या पट्ट्यानं जायचं. बाकी सगळी स्थानं जागच्या जागी, फक्त चौथं ओढ्याकाठच्या हिवराखालून उचलून वर घ्यायचं.

कौसल्या त्या दिवशी आली नव्हती. फादर मला म्हणाले, "बनाबाई, तुम्ही शेजारी. कौसल्याबाईंना तेवढं सांगा."

"व्हय फादर," मी म्हटलं. देवाच्या घरात उभी राहून म्हटलं.

घरी आले तर तिच्या दाराखालून उजेड दिसत होता. आत ताट वाजलं. कडी वाजवायची, दोन शब्द बोलायचे, संपलं. मी हात उचललासुद्धा. मग कानात तो खुळखुळा वाजला आणि हात खाली आला. गल्लीच्या तोंडाला मंदाकिनी भेटली, आमच्यातलीच, पन्नाशीची. तिला म्हटलं, "कौसल्याबाईला सांग गं, वाट बदलली म्हणून."

"सांगते मावशी," ती म्हणाली. मी घरी येऊन जेवले. गाढ झोपले, हे आता जास्त टोचतं.

कौसल्येची एक रीत होती. बाकीचे आम्ही शुक्रवारी पहाटे टेम्पोनं जायचो. ती गुरुवारी सकाळच्या एसटीनं लासुर्ण्याला आपल्या बहिणीकडं जायची आणि शुक्रवारी उजाडायच्या आत एकटीच पायवाटेनं माळावर. डोक्यावर पाण्याची घागर, काखेत क्रूस. टेम्पोत बसलं की गप्पा होतात, म्हणायची, आणि गप्पा मारत त्या जागेवर जायचं नसतं.

शुक्रवारी मी माझ्या नवव्या स्थानावर उभी होते. टेकडीच्या पायथ्याला, एका बाभळीखाली, सावली चाळणीएवढी. साडेदहाच्या सुमाराला गाणं ऐकू आलं. मंडळी आली. चाळीसच्या जागी जेमतेम तेवीस माणसं. फादरनी प्रार्थना सांगितली, मोठा क्रूस माझ्या क्रुसाला लागला, मी पाणी दिलं, आणि मग सवयीनं मागं बघितलं. मागं पहिल्या स्थानाचे होते, दुसऱ्याचे होते, तिसऱ्याची मंदाकिनी होती. कौसल्या नव्हती.

"कौसल्या कुठंय?" मी मंदाकिनीला विचारलं.

"न्हाय आली. चौथ्याला कुणीच नव्हतं, फादरनीच वाचलं. बरं नसंल तिला."

"तू सांगितलंस न्हवं तिला, वाट बदलली म्हणून?"

"मी गुरुवारी सकाळी गेले मावशी, तर कुलूप. फोन बी लागंना. मला वाटलं, तुमी भिंतीला भिंत लावून ऱ्हाता, तुमी बोलला असाल."

"आमी बोलत न्हाय हे सगळ्या बारामतीला म्हाईत हाय!"

"गुड फ्रायडेच्या तोंडावर कोण आबोला धरतं का मावशी?" ती म्हणाली आणि पुढं गेली. वाईट मनानं नाही म्हणाली. खरंच तिला तसं वाटलं होतं.

कौसल्या आजारी नाही, ती उभी आहे. पहाटेपासून हिवराखाली उभी आहे, उपाशी, भरलेली घागर शेजारी ठेवून, आणि क्रूस लागल्याशिवाय ती त्यातला घोट घेणार नाही. बाहत्तर वर्षांची बाई, चैत्राचं ऊन, त्यात तिला साखरेचा त्रास. आणि मंडळी तर तिच्या डोक्यावरच्या अंगानं कधीच पुढं निघून गेली.

मी ओरडले असते तर दहा जण धावले असते. पण मग ती तिथं का राहिली, हेही सगळ्यांच्या देखत सांगावं लागलं असतं. मी ओरडले नाही. चपलेत खडा गेल्यासारखं केलं, मागं राहिले, आणि मंडळी वळणाआड गेल्यावर माझा क्रूस काखेत घेऊन उलट्या दिशेनं चालू लागले.

ती वाट मी पन्नास वर्षं चालत आले, पण माणसांत. एकटी पहिल्यांदा चालले. माणसं असली की वाट लहान वाटते, गाणं म्हणत पाय आपोआप पडतात. एकटीला माझ्याच चपलांचा आवाज मोठा व्हायला लागला. मागून टेकडीवरचं गाणं बारीक होत गेलं, मग बंद पडलं. आठवं गेलं, सातवं गेलं. कुठलं स्थान कुठं हे मला नुसत्या झुडपांवरून ओळखता येत होतं, पण तिथं कुणी नव्हतं. माणूस उठून गेलं की आमच्या स्थानांचं काहीच उरत नाही, नुसतं गवत. सहाव्यापाशी मी बसले. गुडघे बोलत होते. देवाला म्हटलं, तिला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? मग लक्षात आलं, तोंड दाखवायला तरी कोण राहिलंय? पोरं चार दिशांना. रोज माझं तोंड बघणारी एकच बाई होती, आणि तिच्यापुढं मी भांडी आपटत होते.

पाचवं ओलांडल्यावर जुन्या वाटेला दोरी बांधली होती, पाटी लावली होती. मी दोरीखालून वाकून गेले. या वयात वाकणं सोपं, सरळ होणं अवघड. ओढ्याची उतरंड उतरले तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर होतं.

कौसल्या उभी होती. हिवराच्या खोडाला पाठ लावलेली, दोन्ही हातांनी क्रूस छातीशी धरलेला. ओठ पांढरे पडलेले. घागरीवर ओलं फडकं टाकलेलं, ते वाळून कडक झालेलं, त्यावर पेला पालथा. मला बघून तिनं आधी माझ्या मागं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाकीची कुठं हायती?"

"पुढं गेली. वरून. वाट बदलली व्हती, कौसे. तू पयलं पाणी पी."

"क्रूस लागला न्हाय अजून."

मी माझा क्रूस पुढं केला. "ह्याला मोठा क्रूस आत्ताच लागलाय. तास-दीड तासाखाली. ह्याचा तुझ्याला लावते. दिव्यानं दिवा लावत्यात तसं."

तिनं डोळे बारीक केले. "हा नववा हाय."

"व्हय, नववा."

"नवव्याचा मागं चौथ्याला? क्रूस कवा मागं येतो का गं, बने?"

"आज आला. तू पाणी पी न्हायतर मी फादरला सांगीन."

"सांग," ती म्हणाली. आवाज असा की वाळल्या पानावर पाय पडावा. "आधी मला सांग, वाट बदलली हे मला का न्हाय सांगितलं कुणी?"

तिला तहान लागली होती, उभं राहवत नव्हतं, मला दिसत होतं. पण उत्तर मिळाल्याशिवाय ती क्रूस पुढं करणार नव्हती. त्या माळावर आम्ही दोघीच. खोटं बोललं तरी कुणाला कळलं नसतं. मंदाकिनीचं नाव घेता आलं असतं.

"फादरनी मला सांगितलं व्हतं," मी म्हटलं. "बुधवारी. तुझ्या दाराशी आले व्हते. कडी न्हाय वाजवली."

"का?"

"करंजीपायी."

तिच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं, चक्कर येतेय. मी धरायला धावले, तर बाई हसत होती. आवाज नाही, नुसते खांदे.

"खुळखुळ्यापायी," ती म्हणाली, आणि क्रूस पुढं केला.

मी माझा क्रूस तिच्या क्रुसाला लावला. प्रार्थना तिनंच म्हटली. "येशू आपल्या आईला भेटतो," म्हणाली आणि थांबली. त्या दिवशी घाई करायला मागं कुणी नव्हतं. फादर खोकणार नव्हते. ती थांबली ती थांबलीच. ओढ्यात पाणी नव्हतं, वारं पडलेलं, एक होला कुठंतरी घुमत होता. तिच्या गालावरून पाणी ओघळलं. कुणाच्या आठवणीनं, मी विचारलं नाही. मोहनराव असेल, न झालेलं लेकरू असेल, सव्वाशे भाकरी खाऊन आपापल्या वाटेनं गेलेल्या बोर्डिंगातल्या पोरी असतील. नाहीतर मीसुद्धा असेन.

मग ती खाली बसली. मी पेला भरून दिला. तिनं तो माझ्याकडं परत सरकवला.

"वाट चालून आलेल्याला आधी. स्थान माझं हाय."

मी प्याले. तीन महिन्यांनी तिच्या हातचं पाणी. मग ती प्याली, थांबत थांबत. पदराला बांधलेला गूळ मी तिच्या तोंडात घातला.

"एवढा वेळ कुणीच आलं न्हाय का गं?" मी विचारलं.

"माणसापैकी कुणी न्हाय. लांडगी आली व्हती. तितं, त्या बोरीपाशी. बघितलं माझ्याकडं. मी बी बघितलं."

"भ्यालीस?"

"ती भ्याली आसंल. एक म्हातारी लाकूड घेऊन हुबी म्हणून." तिनं घागरीकडं बघितलं. "पाण्यासाठी आली व्हती. दिलं न्हाय मी. चाळीस माणसांचं पाणी व्हतं, त्यातलं कसं देणार?"

घागर जवळजवळ भरलेली होती. आम्ही दोघी दोन-दोन पेले प्यायलो, तरी भरलेलीच. टेकडीवरून शेवटचं गाणं ऐकू आलं, चौदाव्या स्थानाचं. कौसल्येनं टेका घेऊन उठायचा प्रयत्न केला, मी हात दिला. बोरीजवळ एक खोलगट दगड होता. तिथं जाऊन तिनं घागर कलती केली.

"आता काय चाळीस माणसं येत न्हाईत," ती म्हणाली.

मानसिंगराव आम्हाला शोधत आले ते तोंड सोडतच. "आज्जे, पाटी लावली ती काय शोभेला?" कौसल्या म्हणाली, "मला वाचता येत न्हाय, दादा." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मला येतं. मी तरी आले." त्यांनी कपाळाला हात लावला आणि आम्हाला मोटरसायकलवरून एकेक करून रस्त्याला सोडलं. आधी कौसल्येला.

पुढच्या ईस्टरपर्यंत ती राहिली नाही. श्रावणात साखर वाढली, पाय सुजले. चार दिवस दवाखान्यात होती आणि पाचव्या सकाळी गेली. त्याआधीचे ते चार महिने आम्ही रोज दुपारी तिच्या उंबऱ्यावर बसायचो. तिनं मला करंजीचं सारण किती भरायचं ते बोट लावून शिकवलं, पावसाळ्यात, कुठलाही सण नसताना. मी तिला म्हटलं होतं, "माफ केलंस न्हवं?" तर म्हणाली, "नाताळला बघू." तिची तेवढी एकच गोष्ट राहून गेली.

आता माझ्या दारामागं दोन क्रूस आहेत. चौथा मी धरते. नवव्याला कुणी नाही. फादर तिथं थांबतात आणि मोकळ्या जागेत प्रार्थना सांगतात. चौदांपैकी आठ घरं राहिली. पुढच्या वर्षीपासून सगळं चर्चच्या आवारातच करू या, असं काहींचं म्हणणं आहे. कदाचित होईल तसं. मला त्यावर बोलायचं नाही.

एक नवी रीत मात्र मी पाडलीय, कुणाला न विचारता. पवित्र गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी मी काठी घेऊन निघते. उरलेल्या सात घरांच्या कड्या वाजवते. दार उघडलं की म्हणते, "वाट तीच हाय. बदलली न्हाय." माणसं म्हणतात, "अहो आजी, ग्रुपवर आलंय." मी म्हणते, "असू दे." कुणी चहा देतं. मंदाकिनी दर वेळी देते.

सात घरं झाली की चाळीत परत येते. आठवं घर माझंच. कौसल्येच्या दाराला कुलूप असतं, खोली अजून कुणी घेतलेली नाही. मी माझ्या दाराची कडी वाजवते. आत कुणी नाही हे मला माहीत असतं, तरी वाजवते, आणि म्हणते, "बनाबाई, वाट तीच हाय."

मग माझं कुलूप उघडून आत जाते.